दिलेल्या बहिणी

"काही खाल्लं न्हाईस न्हवं?"

जयसिंगपूरच्या स्टँडवर एस.टी.तून पाय खाली ठेवते न ठेवते तोच दादानं हे विचारलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माहेरचं माणूस भेटलं की आधी 'जेवलीस का' विचारतं. हा माझा सख्खा भाऊ, आणि मी उपाशी आहे याची खात्री करून घेत होता.

"तू सांगितलंस म्हणून चहासुद्धा घेतला न्हाई," मी म्हटलं. "आता सांग, कशाला बोलावलंस?"

"सांगतो की. गाडीत बस आधी."

"हितंच सांग."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली आला. "स्टँडवर बोलायचं न्हाई ते. आधार कार्ड आणलंयस?"

कार्ड पर्समध्ये होतं. ते कुणाच्या हातात देऊ नकोस, असं आमच्या यजमानांनी निघताना बजावून सांगितलं होतं.

दादाचा फोन त्याआधीच्या रविवारी आला होता. आई-वडील गेल्यापासून दादाचा फोन म्हणजे भाऊबीजेला 'येतीस का', मी म्हणायचं 'बघते', तो म्हणायचा 'बरं', आणि एवढ्यावर वर्ष निघायचं. त्या रविवारी मात्र तो बराच वेळ बोलला. माझी तब्येत कशी आहे, वजन उतरलंय का, पित्ताच्या गोळ्या खातेस का. शेवटी म्हणाला, गुरुवारी सकाळी एकटी ये, उपाशी ये, कार्ड घेऊन ये, आणि सासरी काही बोलू नको. मी अर्थातच फोन ठेवल्या ठेवल्या यजमानांना सगळं सांगितलं.

इचलकरंजीत आमचे माग आहेत. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस एरवी ओरडूनच बोलतो, पण त्या दिवशी हे हळू बोलले. "तुमच्या रानाकडेनं रस्ता रुंद व्हायलाय. पट्टी जाणार. आता असल्या कामाला बहिणीची सही लागती. तुझ्या दादाला बहीण उगंच आठवली न्हाई."

"मग तब्येत कशाला विचारली?"

"सही करणारं माणूस धडधाकट लागतं. उद्या कुणी म्हणाया नको, आजारी होती, फसवून घेतली."

मला ते पटलं. माझा स्वभावच तसा. दूधवाला हसून बोलला तर मी दुधात बोट घालून बघणारी बाई. पण खरं सांगायचं तर रानाचं मला काही नव्हतं. दादानं समोर बसून 'तिशले, सही कर' म्हटलं असतं तर मी केली असती. मला भाऊ उरलाय, की सातबाऱ्यावरचा एक वाटेकरी उरलाय, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून मी गेले.

गाडीत मागच्या सीटवर पद्मजावहिनी बसल्या होत्या. आमच्या वहिनी म्हणजे सकाळी लावलेला रेडिओ, झोपेपर्यंत बंद होत नाही. त्या दिवशी मला बघून नुसत्या हसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी दादाकडं नीट पाहिलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती.

"लई वाळलायस दादा."

"तोडीचा हंगाम चाललाय. धावपळ."

उसाची तोड दर वर्षी येते, दादा काही दर वर्षी वाळत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. तेही मला तो घरी आल्यावर कळलं. मी शहाळी घेऊन धावत गेले, तर तासाभरात 'निघ आता, अंधार पडंल' म्हणून मला परत लावलं. तो अपमान माझ्या चांगला ध्यानात होता.

नोंदणीचं ऑफिस शिरोळला. गाडी शिरोळच्या रस्त्याला वळली की दार उघडून उतरायचं, असं मी ठरवून बसले होते. गाडी वळली नाही. उदगाव गेलं, अंकलीचा पूल आला, कृष्णा ओलांडून आम्ही मिरजेची वाट धरली. म्हणजे वकील मिरजेचा असणार.

गाडी थांबली ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या दारात.

"हितं कशाला?" मी विचारलं.

"एक रक्त तपासायचं हाय."

"कुणाचं?"

"तुझं."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुतखडा. वाळलेला भाऊ. गप्प वहिनी. उपाशीपोटी या, कार्ड आणा, सासरी सांगू नका. रान नकोच होतं याला. याला माझी किडनी पाहिजे होती!

मी बाकावर बसले. रानाची पट्टी गेली तर गेली, पण किडनी? आणि तीही न सांगता, न मागता, बाजारातून वांगी घेताना दाबून बघतात तशी आधी माझी तपासणी करून! उठून चालू पडावं असं वाटत होतं. पण दादा काउंटरपाशी उभा होता, एका हातानं टेबलाला धरून. आमच्या आप्पांच्या पाठीमागं बैलाचा कासरा धरून चालणारा हाच पोरगा, लहानपणी मला खांद्यावर घेऊन बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, न्यायचा. आत मूर्ती दिसत नाही म्हणून मी त्याचे कान धरून उंच व्हायची. त्याचं काही बरंवाईट झालं तर मला माहेर म्हणून कोण राहणार होतं?

"पेशंटशी नातं काय?" नर्सनं विचारलं.

"सख्खी बहीण," दादा म्हणाला.

नर्सनं दंडाला पट्टा बांधला, सुई आत गेली, नळीत रक्त चढायला लागलं. तेवढ्यात माझं ठरलं. किडनी द्यायची. पण त्याआधी याला पोटभर शिव्या द्यायच्या.

डॉक्टर मुजावर म्हणून एक बाई होत्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी आम्हां तिघांना आत बसवलं. "घाबरलात का हो ताई?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "दादा, किडनी पाहिजे न्हवं तुला माझी? मग तोंडानं माग की! असं चोरून रक्त कशाला काढतोस?"

मग वहिनींना हसू फुटलं. त्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, आणि बघता बघता त्या हसण्याचं रडू झालं.

"चौगुले," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही यांना काहीच सांगितलं नाही?"

"सांगणार होतो. रक्त दिल्यावर."

"काय सांगणार होतास?" मी विचारलं.

वहिनींनीच डोळे पुसून सांगितलं. "वन्सं, मुतखडा न्हवता तो. आप्पांना झालं हुतं तेच. पोटात."

आमचे आप्पा पोटाच्या कॅन्सरनं गेले. कळलं तेव्हा डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. पुढचं माझ्यानं आठववत नाही, आठवायचंही नाही.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांचं लवकर सापडलं. वडिलांना होता म्हणून यांनी इथं रक्त तपासून घेतलं, दुखत काही नव्हतं. पोटाच्या आतल्या अस्तरातून काही द्रव्यं रक्तात उतरतात. अस्तर झिजत गेलं की ती कमी होतात. यांची फार कमी होती. मग दुर्बीण घातली, तर एवढासा डाग. तेवढा भाग काढला. आज तुमच्यासमोर बसलेत."

"म्हणजे रक्तात कॅन्सर दिसतो?"

"नाही. रक्त म्हणजे चाळण. चाळणीवर राहिला तो प्रत्येक दाणा खडाच असतो असं नाही, आणि एखादा खडा खालीही जातो. पण कुणाला दुर्बीण घालून बघायचं, हे त्यावरून कळतं. सगळ्या गावाला काही दुर्बीण घालता येत नाही."

"मग मला आत्ता कशाला बोलावलं? दादाचं होऊन दोन वर्षं झाली."

डॉक्टरबाईंनी दादाकडं पाहिलं. "सांगा की आता."

दादा पायाकडं बघत बसला. मग त्याच म्हणाल्या, "तेव्हाच मी यांना विचारलं होतं, भावंडं किती? म्हणाले, कुणी नाही, एकटाच. घरातल्यांना तपासायला आणा म्हटलं, तर बायकोला आणलं आणि मेहुण्याला आणलं! परवा बोलता बोलता यांच्या तोंडून निघालं, बहिणीकडं इचलकरंजीला वगैरे. मी म्हटलं, बहीण कुठून आली? तर म्हणतात, बहीण हाय, पण ती दिलीया. मी म्हटलं, देताना रक्त बदलून दिलं होतं काय?"

मला रडायला आलं नाही, रागच आला. दोन वर्षं! माझ्या पोटात काही असतं तर त्या दोन वर्षांत त्या रोगानं तिथं घर बांधलं असतं. आणि दादानं हे मुद्दाम केलं असतं तर मी त्याला मारलंसुद्धा असतं, पण त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. घरात माणसं किती, असं कुणी विचारलं की आमच्याकडं असंच मोजतात. आप्पांनीही असंच मोजलं असतं. मीही माझ्या नणंदा कधी मोजल्या नव्हत्या.

"आणि सासरी सांगू नको का म्हणालास?" मी विचारलं.

"रक्तात काही निघालं असतं तर तुला त्या घरात काय काय ऐकाय लागलं असतं? घराण्याचा रोग घेऊन आली म्हणाले असते." दादानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "आणि प्रणालीची सोयरीक जमलीया, तिशले. ह्यातलं एक अक्षर बाहीर गेलं तर मोडल. तवा तिला स्थळं बघत हुतो, म्हणून मुतखडा म्हणून सांगितलं."

प्रणाली म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. स्थळ कुरुंदवाडचं होतं, चांगलं होतं.

डॉक्टरबाईंनी एक कागद पुढं ओढला. "आणखी कुणाला होता घरात? आजोबा, चुलते?"

"न्हाई," दादा म्हणाला. "फकस्त आप्पांना."

"आणि आत्ती?" मी म्हटलं.

"आत्तीचं अल्सरनं झालं."

"अल्सर कुणी म्हटलं तुला? मी हुते तिथं." आमची आत्ती, आप्पांची थोरली बहीण, दत्तवाडला दिलेली. बारावीच्या सुट्टीत मी तिच्याकडं राहिले होते. भाकरीचा घास घशाखाली उतरायचा नाही, मी चमच्यानं आंबील पाजायची, तीही ओकून पडायची. आप्पांचं शेवटी जसं झालं, अगदी तसंच. "तिच्या घरी अल्सर म्हणाले. आपल्या घरी ती मेल्याचा निरोप आला, तुम्ही सुतक पाळलंसा, झालं."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आत्तीला मुलं?"

"एक मुलगी. विमलाक्का. कुरुंदवाडला दिलीया."

"वय?"

"माझ्यापेक्षा थोडी मोठी."

"हा आजार कधी रक्तातनं येतो, कधी लहानपणी एका घरात, एका ताटात जेवताना जो जंतू पोटात जातो त्याच्यातनं. विमलाताई लहानपणी आईच्या ताटात जेवल्या असतील?"

"आईच्याच न्हाई, आमच्या पण ताटात जेवलीया," दादा म्हणाला आणि उठलाच.

कुरुंदवाडच्या वाटेत वहिनींनी डबा उघडून आम्हांला खायला घातलं. नृसिंहवाडी मागं पडली तसा दादानं वेग कमी केला. "त्याच गल्लीत हायत ती," तो म्हणाला.

"कोण?"

"रावसाहेब. प्रणालीचं हुणारं सासरं. विमलाक्काच्या घरापास्नं दोन घरं पलीकडं."

आता कळलं की गाडी का रेंगाळत होती. "आपण दुसरं काहीतरी सांगू," मी म्हटलं. "डोळं तपासायचं शिबीर हाय म्हणू. तिला मिरजेला नेऊ, रक्त देऊ, कुणाला कळणार बी न्हाई."

"हां. तसंच म्हणू," दादा म्हणाला.

विमलाक्काच्या घराच्या सोप्यात तिची सासू जपमाळ घेऊन बसली होती. म्हातारी वाळलेली, पण नजर ससाण्याची. आम्ही टेकतोय तोवर शेजारून रावसाहेबांची बायको आली. व्याह्यांची गाडी गल्लीत शिरलेली तिनं बघितलीच होती. ती हसत हसत वहिनींशेजारी बसली आणि सगळं अवघड होऊन बसलं.

विमलाक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी तिला ओळखलंच नाही. पूर्वी भरल्या अंगाची बाई होती ती, आता नुसती हाडं उरली होती.

"विमलाक्काला मिरजेला न्यावं म्हणतो," दादानं म्हातारीला सांगितलं. "डोळ्यांचं शिबीर हाय. आजच्या आज आणून सोडतो."

"डोळं?" म्हातारी म्हणाली. "तांदळातला खडा दिसतोय तिला. तिच्या डोळ्याला काय धाड भरलीया?"

"तरी आपलं एकदा…"

"तिची आई गेली तवा तू आला न्हाईस. तिच्या पोराच्या लग्नात आहेर धाडलासा, माणूस न्हाई. आज डोळं आठवलं?" म्हातारीनं माळ बाजूला ठेवली. "खरं काय ते सांग बाबा. कुठं नेणार हैस माझ्या सुनंला?"

मी आजवर स्वतःला संशयी समजत होते. ही बाई माझी गुरू निघाली. आणि ती बरोबरच होती, तेच अवघड होतं.

दादा हसायचा प्रयत्न करत होता. विमलाक्कानं सगळ्यांपुढं पोहे ठेवले. मी म्हटलं, "तू घे की." ती म्हणाली, "नको गं, हल्ली दोन घासात पोट भरतंय. पित्त हाय." असं म्हणताना तिनं छातीखाली, बरोबर मधोमध, तळहात दाबला.

आत्ती तिथंच दाबायची. मी दादाकडं पाहिलं. दादानंही तो हात बघितला होता. मग त्यानं होणाऱ्या विहीणबाईंकडं बघितलं. त्या पोहे खाता खाता आमचं बोलणं ऐकत होत्या. वहिनींनी मान खाली घातली. त्या क्षणी मला वाटलं, हा आता म्हणणार, बरं, परत कधीतरी येतो.

दादा उठून उभा राहिला आणि भर सोप्यात, सगळ्या बायकांसमोर, त्यानं शर्ट वर केला. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उभा व्रण होता. मीही तो पहिल्यांदाच बघत होते.

"मला कॅन्सर झाला हुता," तो म्हणाला. "पोटाचा. आप्पांना हुता. विमलाक्काच्या आईला पण त्योच हुता, अल्सर न्हवता. आमच्या रक्तात हाय. माझा रक्त तपासून लौकर सापडला म्हणून मी उभा हाय. विमलाक्काचं रक्त तपासायचं हाय. डोळं न्हाईत."

विमलाक्का दाराची चौकट धरून उभी होती. रावसाहेबांच्या बायकोनं पोह्यांची बशी खाली ठेवली, उठली, आणि कुणाचाही निरोप न घेता निघून गेली. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

म्हातारीनं मात्र दादाच्या पोटावरची नजर काढली नाही. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "विमल, लुगडं बदल. जा भावासंगं."

माझ्या रक्तात तसं काही निघालं नाही. जंतू तेवढा निघाला, त्याच्या गोळ्या घेतल्या. विमलाक्काचं रक्त चाळणीवर राहिलं. दुर्बिणीत दिसलं ते दादाच्यापेक्षा थोडं मोठं होतं, पण बाहेर कुठं पसरलेलं नव्हतं. तिचं ऑपरेशन मिरजेतच झालं. त्याला बरीच वर्षं झाली, विमलाक्का अजून मला फोन करून सासूची गाऱ्हाणी सांगते, आणि म्हातारीही अजून आहे.

तिचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मी माहेरीच होते. विमलाक्काला डबा कोण देणार, म्हणून यजमानांना सांगून राहिले होते. सगळं सांगूनच. ते म्हणाले, "अस्सं व्हय!" आणि पुढं काही बोलले नाहीत. त्यांच्या मानानं ते पुष्कळच झालं.

एका सकाळी रावसाहेब आले. एकटेच, मोटारसायकलवर. वहिनींनी स्वयंपाकघरातून त्यांना बघितलं आणि गॅस बंद केला. प्रणाली आत जाऊन बसली. मोडायला आलेलं माणूस लांबून ओळखू येतं, तसेच ते येत होते, मान खाली, पायांत घोटाळत. दादानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. मी मुद्दाम तिथंच थांबले. दादाला कुणी काही बोललं असतं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं.

रावसाहेबांनी पाणी घेतलं. पावसापाण्याचं बोलले, उसाचं बोलले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरीचं काय न्हाई," ते म्हणाले. "ती आमची झाली. घरात बायका काय काय बोलत्यात, बोलू देत."

आत वहिनींचा हुंदका ऐकू आला. रावसाहेब तरीही उठेनात. टोपी या हातातून त्या हातात करत राहिले. शेवटी माझ्याकडं बघितलं, मग दादाकडं.

"ते रक्त कुठं तपासत्यात म्हणालासा?" त्यांनी हळूच विचारलं. "आमची आई पोटानंच गेली. मी माझं तपासून घेतो, त्ये न्हाई. पर मला एक बहीण हाय. चिक्कोडीला दिलीया."